मत्स्यतळ्यासाठी जागा कशी निवडावी: आधी खड्डा, मग जेसीबी

"पडीक तुकडा आहे ना, मग तिथेच तळं खोदा," असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. तो तुकडा पडीक का राहिला, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेकदा तिथे मुरूम वर आलेला असतो. पिकाला जिथे ओल पुरत नाही, तिथे माशांसाठी चार-पाच फूट पाणी कसं टिकेल? हा लेख पठारावरच्या गोड्या पाण्यातल्या कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी आहे. कोकणातलं खाजण आणि कोळंबी हा निराळाच विषय.

१. पाण्याचा हिशेब मे महिन्याचा धरा. श्रावणात सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. मराठवाडा-विदर्भात कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण १० मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. १० गुंठे तळ्यावर हे रोजचे सुमारे १०,००० लिटर झाले, म्हणजे एक मोठा टँकर, आणि यात पाझर धरलेलाच नाही. अक्षय तृतीयेनंतर तुमची विहीर एवढं पाणी देत नसेल, तर बारमाही तळ्याचा हट्ट सोडा. पावसाळ्यात मोठ्या आकाराची बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडायची आणि पाणी ओसरण्याआधी मासे विकून मोकळं व्हायचं.

२. ओढा अडवून तळं करू नका. एका पुरात मासे जातात आणि बाहेरचे खादाड मासे आत येतात. पूर जिथवर चढतो त्याच्या वरची जागा घ्या.

३. माती तपासा. सगळ्यात जास्त तळी इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मातीचा ओला गोळा वर फेकून झेलायचा, फुटला नाही तर माती चांगली, ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते. परीक्षा खोटी नाही, पण तिच्यातून कळतं ते हातातल्या मातीपुरतंच. आपल्याकडे वर तीन-चार फूट सुरेख काळी, खाली मुरूम आणि त्याखाली खडक, असं बऱ्याच ठिकाणी असतं. तळं दहा फूट खोदायचं असेल, तर ती काळी उचलून तुम्ही बांधावर टाकता आणि पाणी साठवता मुरमावर. तळ्याची चाळणी होते ती अशी. म्हणून चाचणीचा खड्डा तळ्याच्या नियोजित तळाहून दोन फूट खोल हवा, आणि एक खड्डा पुरत नाही. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये, असे पाच घ्या. एकाच शेतात मुरमाचा पट्टा तिरका गेलेला असू शकतो.

खड्डा सकाळी काठोकाठ भरा. संध्याकाळी पातळी उतरलेली दिसेल, तेव्हा घाबरू नका आणि निष्कर्षही काढू नका. कोरडी माती आधी स्वतः पाणी पिते, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी तर जास्तच. पुन्हा काठोकाठ भरा, वर फांद्या-पाला झाका आणि दुसऱ्या सकाळी बघा. बहुतेक पाणी जागेवर असेल तर जमीन धरते. खड्डा रिकामा असेल तर दुसरी जागा शोधा. ही चाचणी एप्रिल-मेमध्येच करा. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असतं, तेव्हा मुरमातलाही खड्डा भरलेला राहतो.

"नाहीच टिकलं तर प्लॅस्टिक टाकू," असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: त्यात ओढजाळं कसं फिरवणार? प्लॅस्टिकचा कागद फाटतो, उतारावर पाय घसरतात, आणि तळाची माती झाकल्यामुळे माशांचं नैसर्गिक खाद्यही कमी तयार होतं. मुरमाचा पट्टा लहान असेल तर बाजूला काढून ठेवलेली काळी थरांनी पसरून, ओली करून दाबून घ्या. ते स्वस्त पडतं.

४. पाण्याचा सामू (पीएच) ७ ते ८.५ च्या दरम्यान हवा. बोअरचं पाणी उंचावरून पाडा, त्यात प्राणवायू कमी असतो.

५. वरच्या अंगाला कपाशी किंवा द्राक्षबाग असेल तर फवारणीचं पाणी वाहून तळ्यात येईल. मध्ये चर काढता येत नसेल तर ती जागा नको.

६. तळं घरापासून दिसेल असं आणि पावसाळ्यातही टेम्पो पोचेल असं असावं. मासे चिखलातून डोक्यावर वाहून नेले, की बाजारात पोचेपर्यंत भाव गेलेला असतो.