दोन काळांतील फुटबॉलपटूंची तुलना करताना या चुका टाळा

पेले श्रेष्ठ की मेस्सी, १९७० चा ब्राझील श्रेष्ठ की २०११ चा बार्सिलोना, असे वाद फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये रोज होतात आणि ते व्हावेत असेच माझे मत आहे. माझी तक्रार वादाबद्दल नसून वादाच्या तयारीबद्दल आहे. दहा मिनिटांत दोन आकडे शोधायचे, एक चित्रफीत पाहायची आणि निकाल जाहीर करून मोकळे व्हायचे, ही घाई आता इतकी रुळली आहे की त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा मला कंटाळा आला आहे. त्यांतल्या दोन चुकांबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे; बाकीच्या थोडक्यात उरकण्यासारख्या आहेत.

गोल भागिले सामने

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक आहे. क्रीडाविषयक लेखांच्या एका संकलनासाठी आलेला मजकूर तपासण्याचे काम एकदा माझ्याकडे होते. एका उत्साही तरुणाने त्यासाठी सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंची यादी पाठवली होती. आंतरराष्ट्रीय गोलांना सामन्यांच्या संख्येने भागून त्याने ती तयार केली होती. साहजिकच २१ सामन्यांत ३० गोल करणारा फ्रान्सचा जस्ट फॉन्टेन पहिल्या क्रमांकावर आला. त्याच्या मागोमाग ६८ सामन्यांत ७५ गोल करणारा हंगेरीचा सांडोर कोचिश आणि ६२ सामन्यांत ६८ गोल करणारा पश्चिम जर्मनीचा गेर्ड म्युलर आले. ९२ सामन्यांत ७७ गोल करणारा पेले त्यांच्या खाली गेला, आणि ९१ सामन्यांत ३४ गोल करणारा मॅराडोना इतका तळाला गेला की लेखकाने त्याला 'काहीसा अतिप्रशंसित' असे विशेषणही बहाल केले होते.

मॅराडोना हा मुळात केवळ गोल करण्यासाठी पुढे उभा राहणारा खेळाडू नव्हता, हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. मी त्या तरुणाला एवढेच सुचवले की तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक खेळाडूच्या क्लब कारकिर्दीतील एक हंगाम निवडून, त्या हंगामात त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल किती झाले आणि ते कोणी केले, हे त्यात लिहावे. हे काम त्याने मन लावून केले असते, तर १९८७-८८ च्या इटालियन लीगपाशी तो नक्कीच थबकला असता. त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता नेपोलीचा मॅराडोना, आणि त्याचे गोल होते १५. त्याआधी मिशेल प्लॅटिनीने सलग तीन हंगाम याच लीगमध्ये सर्वाधिक गोल केले, तेही १६, २० आणि १८ एवढेच. सोळा संघांची लीग, हंगामात तीस सामने आणि बचावाच्या कलेत जगात सर्वांत तरबेज असलेले प्रतिस्पर्धी, अशी ती स्पर्धा होती. मेस्सीने २०११-१२ मध्ये स्पॅनिश लीगमध्ये केलेले ५० गोल अचाट आहेत यात शंका नाही; परंतु ५० आणि १५ हे आकडे शेजारी मांडून त्यांची वजाबाकी करणे याला तुलना म्हणता येत नाही.

त्या तरुणाने रकाना भरलाच नाही. त्याऐवजी त्याने 'काठिण्य गुणांक' नावाचा प्रकार शोधून काढला, ऐंशीच्या दशकाला अंदाजाने दीडपट गुण दिले आणि नवा तक्ता लगोलग पाठवला. त्या तक्त्यात मॅराडोना बरोबर त्याच जागी येऊन बसला होता जिथे तो वाचकांना खटकणार नव्हता. अशा गुणांकांची मला मनस्वी चीड आहे. आपल्या मनातले उत्तर आधी ठरवायचे आणि ते येईपर्यंत आकडा फिरवत राहायचे, याला गणिताचा मुलामा चढवल्याने ते गणित होत नाही. तो लेख मी परत पाठवला.

नियमातील एक बदल आकड्यांचे काय करू शकतो, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण १९२५ चे आहे. तोपर्यंत आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू नसतील तर ऑफसाइड, म्हणजे तो नियमबाह्य जागी असल्याचा दोष, दिला जाई. त्या वर्षी तिनाचे दोन झाले. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीत, १९२४-२५ च्या हंगामात एकूण १,१९२ गोल झाले होते, ते पुढच्याच हंगामात १,७०३ झाले. संघ तेवढेच, सामनेही तेवढेच. म्हणजे सामन्यामागे सरासरी एका गोलाहून अधिक वाढ केवळ एका कलमाने झाली, कारण बचावाची नवी रचना बसवायला संघांना काही वर्षे लागली. १९२६-२७ मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने सेकंड डिव्हिजनमध्ये ५९ आणि १९२७-२८ मध्ये एव्हर्टनच्या डिक्सी डीनने फर्स्ट डिव्हिजनमध्ये ६० गोल केले, ते या मोकळ्या काळात. याचा अर्थ डीन सामान्य होता असा मुळीच नाही. तोच नियम इतर सर्व आघाडीपटूंनाही लागू होता आणि वरच्या श्रेणीत साठपर्यंत पोहोचला तो एकटाच. त्याचे मोठेपण त्या साठात शोधण्याऐवजी त्याने समकालीनांना किती मागे टाकले यात शोधावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझी स्वतःची सवय साधी आहे. कोणताही गोलांचा आकडा लिहिण्याआधी मी त्याच्या शेजारी त्याच हंगामातील, त्याच स्पर्धेतील दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंचे गोल लिहितो आणि तिन्हींकडे एकत्र पाहिल्याखेरीज मत बनवत नाही. पद्धत म्हणून ती कच्ची असेल, पण दीडपटीच्या गुणांकापेक्षा प्रामाणिक आहे.

पेलेच्या १,२८३ गोलांविषयीही येथेच बोलायला हवे, कारण त्यावरून दोन्ही बाजूंनी सारखाच अविचार होतो. त्या बेरजेत मैत्रीपूर्ण सामने आणि लष्करी संघाकडून केलेले गोलही आहेत, हे खरे आहे, आणि म्हणून तो आकडा रोनाल्डो किंवा मेस्सीच्या अधिकृत गोलांसमोर उभा करणे चूक आहे. परंतु 'मैत्रीपूर्ण म्हणजे फुकटचे' असे म्हणून ते सारे पुसून टाकणारेही चुकतात. ब्राझीलमध्ये आजच्या स्वरूपाची राष्ट्रीय लीग १९७१ मध्ये सुरू झाली. त्याआधी साव पावलो राज्याची स्पर्धा ही पेलेच्या सांतोस क्लबसाठी अत्यंत प्रतिष्ठेची होती, आणि परदेश दौऱ्यांवर युरोपातील अव्वल क्लब त्या संघाविरुद्ध मैदानात उतरत असत. १९५८ च्या त्या राज्यस्पर्धेत पेलेने ५८ गोल केले, आणि ती स्पर्धा सुरू झाली तेव्हा तो अठरा वर्षांचाही झाला नव्हता.

चित्रफितीवरून न्याय

दुसरी चूक पाहण्याची आहे. जुना खेळाडू श्रेष्ठ कसा, हे दाखवण्यासाठी त्याचे निवडक गोल दाखवले जातात, आणि नवा श्रेष्ठ कसा, हे दाखवण्यासाठी जुन्या सामन्याचा एखादा संथ तुकडा. दोन्ही फसवणुकी आहेत. निवडक क्षणांच्या फितीत कोणीही चेंडू गमावत नाही.

एकदा १९७० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील, कार्लोस आल्बेर्तोच्या प्रसिद्ध गोलाचा तुकडा काही नवख्या चाहत्यांना दाखवत असताना त्यांच्यातील एकजण हसून म्हणाला, "हे तर चालत आहेत! आजच्या संघाने यांना वीस मिनिटांत गुंडाळले असते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्यांना काही प्रश्न विचारले. सामना कुठे झाला? मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, जिथे विरळ हवेत धाप लवकर लागते. किती वाजता सुरू झाला? भर दुपारी बाराला, कारण युरोपातील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची सोय पाहायची होती. किती खेळाडू बदलता येत होते? दोन, आणि विश्वचषकात बदली खेळाडूंना मुभा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. शेवटचा प्रश्न असा की तो गोल कितव्या मिनिटाला झाला? शहाऐंशीव्या. तोवर इटलीच्या खेळाडूंची दमछाक झाली होती, ब्राझील ३-१ ने पुढे होता आणि चेंडू आपल्याकडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला पळवणे हेच त्या क्षणी शहाणपणाचे होते. पेलेने उजवीकडे न पाहिल्यासारखे करून दिलेला तो संथ पास हा संथपणा नसून मागून धावत येणाऱ्या सहकाऱ्यासाठी अचूक मोजलेला वेळ आहे. त्यानंतर मी त्यांना पूर्ण सामना बघायला सांगितले. बहुतेकांनी तो मध्यंतराच्या आधीच सोडला, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

पूर्ण सामना पाहिल्याखेरीज मी कोणत्याही जुन्या खेळाडूवर मत देत नाही, आणि शक्यतो त्याचा एक वाईट सामनाही पाहतो. चेंडू जवळ नसताना तो कुठे उभा असतो, पहिला स्पर्श कसा घेतो आणि धक्का खाल्ल्यावर काय करतो, हे नव्वद मिनिटांतच कळते. धक्क्यांचा मुद्दा क्षुल्लक नाही. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध पेलेला इतके निर्दयपणे तुडवले गेले की तो लंगडत राहिला, आणि बदली खेळाडूची सोयच नसल्याने तसाच मैदानावर थांबला. पिवळी आणि लाल कार्डे विश्वचषकात १९७० मध्ये आली. १९८३ मध्ये बार्सिलोनाकडून खेळताना मॅराडोनाचा घोटा एका मागून आलेल्या टॅकलने मोडला. मागून होणाऱ्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याची सक्त सूचना पंचांना मिळाली ती १९९८ च्या विश्वचषकाच्या सुमारास. आजच्या आक्रमकाला मिळणारे हे संरक्षण विसरून केलेली तुलना अपुरी आहे.

मात्र येथे 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्या ज्येष्ठांनीही फार हुरळून जाऊ नये. जुन्या आक्रमकाला लाथा बसत, पण त्याच्या प्रत्येक हालचालीच्या चित्रफिती अभ्यासून आलेले, एका रेषेत सरकणारे आणि दर आठवड्याला ताजेतवाने केले जाणारे बचावपटू त्याला भेटत नव्हते. एक अडचण दुसरीपेक्षा मोठी होती हे सिद्ध करता येत नाही, आणि करू पाहणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

काही छोट्या चुका

वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे बॅलन डी ओर पुरस्कार मोजून श्रेष्ठत्व ठरवू नका. १९९५ पर्यंत तो केवळ युरोपीय खेळाडूंसाठी होता, त्यामुळे पेले आणि मॅराडोना यांना तो खेळाडू म्हणून मिळणे शक्यच नव्हते.

विश्वविजेतेपदे मोजणेही तितकेच पोकळ आहे. पेलेच्या तीन विजेतेपदांपैकी १९६२ चे विजेतेपद तो दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाल्यावर गारिंचा आणि सहकाऱ्यांनी खेचून आणले. अल्फ्रेडो डी स्टेफानो आणि जॉर्ज बेस्ट यांच्यासारखे थोर खेळाडू तर विश्वचषकात एकही सामना खेळले नाहीत.

'जुना चेंडू जड होता' हे अर्धसत्य आहे. कोरड्या चेंडूचे वजन १९३७ पासून जवळपास तेच आहे. कातडी चेंडू पावसात पाणी शोषून जड होई, एवढेच.

जुन्या खेळाडूला काळयंत्रात बसवून आजच्या मैदानात उतरवायचे असेल, तर त्याला आजचा आहार, वैद्यकीय मदत आणि लहानपणापासूनचे प्रशिक्षणही द्यावे. नाही तर आजच्या खेळाडूला चिखलात, जाड बुटांत उतरवावे. एकाच बाजूचे तिकीट काढू नये.

संघांच्या तुलनेतील गफलत

संघांबाबत लोक एका सामन्याच्या निकालावर फार विसंबतात. हंगेरीच्या संघाने १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये ७-१ ने हरवले. १९५४ च्या विश्वचषकात गटातील सामन्यात पश्चिम जर्मनीला ८-३ ने हरवले आणि त्याच संघाकडून अंतिम सामना २-३ ने गमावला. त्या एका दुपारीवरून तो संघ त्याच्या काळात दुय्यम ठरत नाही.

युरोपियन विजेतेपदांची मोजणी करतानाही वाट तपासावी. १९५६ मध्ये रेआल माद्रिदने सात सामने खेळून पहिला युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला. २०२५ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनला त्यासाठी सतरा सामने खेळावे लागले. पण पूर्वी बहुतांशी आपापल्या देशांचे विजेतेच या स्पर्धेत येत आणि पहिल्या फेरीपासून बाद पद्धत असे, म्हणजे एका वाईट आठवड्यात वर्ष संपत असे. शिवाय युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉस्मन निकालापूर्वी संघातील परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा होती. १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकणाऱ्या सेल्टिकचे सारे खेळाडू ग्लासगोच्या सुमारे तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. आज साऱ्या जगातून निवडलेल्या पंचवीस जणांच्या ताफ्याशी त्या अकरा जणांची तुलना करताना हे नमूद न करणे हा आळस आहे.

डावपेचांची तुलना करताना तर नियमपुस्तक उघडे ठेवूनच बसावे. प्रशिक्षक अरिगो साकी यांच्या मिलानने १९८९ मध्ये युरोपियन कपमध्ये रेआल माद्रिदला ५-० ने आणि अंतिम सामन्यात स्टेऊआ बुखारेस्टला ४-० ने हरवले. त्यांच्या दाबाच्या खेळाची, म्हणजे चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर तत्काळ धावून जाण्याच्या पद्धतीची, आजच्या संघांशी तुलना करणारे एक गोष्ट हमखास विसरतात. १९९२ पर्यंत सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात उचलू शकत असे. म्हणजे मिलानचा दाब चुकवायला प्रतिस्पर्ध्याला एक सुरक्षित दार कायम उघडे होते. उलट, ऑफसाइडच्या जागी असलेला पण खेळात भाग न घेणारा खेळाडूही तेव्हा सहसा ऑफसाइड धरला जाई, त्यामुळे मिलानची वर सरकणारी बचावरेषा आजच्यापेक्षा सुरक्षित होती. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय मी मिलान आणि २०११ च्या बार्सिलोनाची चर्चा सुरूच करत नाही, आणि ज्यांना यात वेळ जातो असे वाटते त्यांनी खुशाल आपले क्रमांक लावावेत.

विश्वचषकातील गोलांच्या याद्या करणाऱ्यांसाठी एक सूचना. फॉन्टेनने १९५८ मध्ये सहा सामन्यांत १३ गोल केले. मिरोस्लाव्ह क्लोजने चार स्पर्धांतील २४ सामन्यांत १६. २०२६ पासून स्पर्धेत ३२ ऐवजी ४८ संघ आहेत आणि अंतिम फेरी गाठणाऱ्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात, त्यामुळे यादीत गोलांइतकाच ठळक रकाना सामन्यांचा ठेवावा आणि शक्य झाल्यास ते गोल कोणत्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध झाले हेही त्यात लिहावे.