टर्बो डिझेलच्या बॉनेटखालची उष्णता: या चुका टाळा

बॉनेट उघडताच गरम झळ तोंडावर आली की संशय रेडिएटरवर जातो. पण टेम्परेचरचा काटा जागेवर असेल तर कूलंट आपलं काम करतंय. ती झळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू गोळा करणारा भाग) आणि टर्बोची (त्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). भरलेली गाडी घाट चढते तेव्हा टर्बोत शिरणारा वायू 700 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. म्हणून थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्यात अर्थ नाही. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं, काजळी धरते, आणि टर्बो होता तेवढाच गरम राहतो.

सगळ्यात महागात पडते ती उष्णता अडवायला बिडाच्या मॅनिफोल्डवर गुंडाळलेली फायबरची पट्टी. आतली उष्णता कोंडते, बीड आणखी तापतं आणि तडकतं. पट्टीत ओल राहून गंज चढतो तो वेगळाच. टर्बोच्या ऑइल पाइपमधून थेंब थेंब गळत असेल तर पट्टी तेल पिते आणि पेट घेते. गुंडाळायचीच असेल तर टर्बोनंतरच्या स्टील पाइपवर, गळती बंद करून, सेन्सर उघडे ठेवून. बीएस-6 गाडीत तेही नको.

त्यापेक्षा कंपनीचा हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) जागेवर आहे का बघा. टर्बोच्या कामात गंजके बोल्ट तुटतात आणि तो पत्रा गॅरेजच्या कोपऱ्यात राहतो, हे नेहमीचंच. नवा बनवताना पत्रा आणि गरम भाग यांत 10 ते 15 मिलिमीटर मोकळी जागा सोडा. चिकटलेला पत्रा उष्णता अडवत नाही, स्वतःच तापून पुढे देतो.

बिजागरीखाली वॉशर टाकून बॉनेट मागून उचलण्याची टूम आहे. उभ्या गाडीत थोडी गरम हवा निघते, म्हणून लोकांना पटतं. धावत्या गाडीत मात्र काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा बाहेर पडण्याऐवजी आत ढकलली जाते. शिवाय एसीची हवा तिथूनच ओढली जाते. इंजिनचा वास केबिनमध्ये येतो.

रेडिएटरभोवतीच्या फोमच्या पट्ट्या फाटल्या असतील तर नव्या लावा. त्या नसतील तर ट्रॅफिकमध्ये गरम हवा वळसा घालून पुन्हा जाळीसमोर येते. कंडेन्सर (एसीची जाळी), इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतली माती इंजिनच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात. व्हिस्कस फॅन (इंजिनवरच फिरणारा, तेलाच्या क्लचचा पंखा) असेल तर गरम इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवा. अडखळत फिरायला हवा. गरगर फिरला तर पंख्याचा क्लच गेला. इलेक्ट्रिक पंख्याला हात लावू नका, तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

वायरिंग एकाच जागी करपत असेल तर मॅनिफोल्ड गॅस्केटजवळ काळा ओघळ शोधा. थंड इंजिन सुरू करताना येणारी टकटक हीसुद्धा त्याच गळतीची खूण असू शकते. गॅस्केट न बदलता वायरवर स्लीव्ह चढवली तर तीही जळेल. चढावर ओढ कमी आणि धूर काळा असेल तर इंटरकूलरचा फाटका होज तपासा: हवा कमी पडली की एक्झॉस्ट आणखी तापतो.

घाट चढून थांबलात तर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मगच बंद करा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतं. बीएस-6 गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळून साफ होत असताना पंखा जोरात चालणं आणि खालून झळ येणं नेहमीचंच. त्या वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.