काफ्काचा कन्झ्युमर ग्रुप सांभाळताना: लॅग दिसला की लगेच पॉड वाढवू नका

काफ्का म्हणजे मेसेज साठवून पुढे पोचवणारी सिस्टिम, आणि तिच्यातले टॉपिक (मेसेजची यादी), पार्टिशन (टॉपिकचे तुकडे), ऑफसेट (पार्टिशनमधला मेसेजचा क्रमांक) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितोय. एका ग्रुपमध्ये एक पार्टिशन एका वेळी एकाच कन्झ्युमरकडे (मेसेज वाचणाऱ्या प्रोसेसकडे) असतं हेही वाचलं असेलच, पण वाचणं वेगळं आणि लॅगचा (वाचायच्या राहिलेल्या मेसेजचा) ग्राफ वर वर जात असताना ते आठवणं वेगळं. तेव्हा हात आपोआप पॉड (कन्झ्युमरच्या चालू प्रती) वाढवायला जातो. सहा पार्टिशनला दहा पॉड लावले तर चार जण नुसते बसून पगार खाणार, बाकी काही नाही. आणि मग कोणीतरी म्हणतो की पार्टिशनच वाढवू. वाढवा, पण ती नंतर कमी करता येत नाहीत, आणि मेसेजची की (key, उदा. ऑर्डर नंबर) कुठल्या पार्टिशनला जाते हे गणित बदलतं, म्हणजे एकाच ऑर्डरचे जुने मेसेज एका पार्टिशनमध्ये आणि नवे दुसऱ्यात, क्रम गेला. तेव्हा हे घाईत करायचं काम नाही.

आता खरा खड्डा. यात मी इतका वेळ काढलाय की आजही नव्या माणसाच्या तोंडून 'लॅग हलत नाहीये' ऐकलं की पोटात गोळा येतो, म्हणून जरा जास्तच खोलात जाणार आहे, सहन करा.

कन्झ्युमर जिवंत आहे का हे दोन वेगळ्या घड्याळांवर मोजलं जातं. पहिलं हार्टबीटचं. दर 3 सेकंदांनी हार्टबीट ('मी आहे' हा सिग्नल) ग्रुप सांभाळणाऱ्या काफ्काच्या सर्व्हरकडे, म्हणजे कोऑर्डिनेटर ब्रोकरकडे जातो, आणि सेशन टाइमआउटच्या आत एकही आला नाही तर तुम्ही मेलात असं धरून बाहेर काढतात. हा टाइमआउट आधी डीफॉल्ट 10 सेकंद होता, काफ्का 3.0 पासून 45 आहे. पण 0.10.1 पासून हा हार्टबीट वेगळ्या बॅकग्राउंड थ्रेडवर चालतो, म्हणजे तुमचा मेन थ्रेड डेटाबेससमोर ताटकळत उभा असला तरी हार्टबीट मजेत चालू राहतो. प्रोसेस चालू आहे आणि नेटवर्क आहे, एवढंच तो सांगतो. काम होतंय की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही!

दुसरं घड्याळ मॅक्स पोल इंटर्व्हलचं. एका पोलपासून (नवे मेसेज मागणाऱ्या कॉलपासून) पुढच्या पोलपर्यंत किती वेळ गेला ते हे मोजतं, डीफॉल्ट 5 मिनिटं. तेवढ्यात पुढचा पोल आला नाही तर क्लायंट स्वतःहूनच 'मी ग्रुप सोडतोय' असं कळवून मोकळा होतो. ब्रोकर हाकलत नाही, तुमचीच लायब्ररी राजीनामा देते, आणि तुमच्या कोडला याचा पत्ता पुढचा कमिट ('इथपर्यंत झालं' अशी ऑफसेटची नोंद) किंवा पोल करेपर्यंत लागत नाही.

आता हिशेब करा. एका पोलमध्ये डीफॉल्ट जास्तीत जास्त 500 रेकॉर्ड (म्हणजे मेसेज) येतात. प्रत्येक रेकॉर्डमागे एक एपीआय कॉल आहे आणि त्याला 0.2 सेकंद लागतात, म्हणजे अख्ख्या बॅचला 100 सेकंद, सगळं छान, टेस्टिंग पास, डेमो पास. मग एक दिवस समोरची सर्व्हिस दमते आणि तोच कॉल 0.7 सेकंदावर जातो. 350 सेकंद. तुमच्या कोडमध्ये एक ओळही बदललेली नाही आणि ग्रुप कोसळला.

कोसळतो म्हणजे काय होतं ते नीट बघा. 300 व्या सेकंदाला पहिला कन्झ्युमर ग्रुपबाहेर गेला, पण त्याला ते माहीत नाही, तो बिचारा उरलेले रेकॉर्ड प्रोसेस करतोच आहे. रिबॅलन्स (पार्टिशनची नव्याने वाटणी) झाला, पार्टिशन दुसऱ्याकडे गेलं, त्याने शेवटच्या कमिट झालेल्या ऑफसेटपासून सुरुवात केली म्हणजे तेच 500 रेकॉर्ड पुन्हा. त्यालाही 350 सेकंद लागणार, तोही जाणार. तोवर पहिला बॅच संपवून कमिट करायला गेला तर कमिट फेल्ड एक्सेप्शन, आणि पुढच्या पोलला तो परत ग्रुपमध्ये शिरला की पुन्हा रिबॅलन्स. सगळे राबतायत, सीपीयू दिसतोय, डेटाबेसमध्ये राइट्स पडतायत (तेच तेच, डुप्लिकेट!) आणि ऑफसेट जागच्या जागी. अशात तुम्ही नवा पॉड लावला तर आणखी एक रिबॅलन्स आणि दमलेल्या सर्व्हिसवर आणखी एकाचा भार. आगीतून फुफाट्यात.

हे ओळखायचं कसं? काफ्का कन्झ्युमर ग्रुप्सची जी कमांड आहे तिला डिस्क्राइब देऊन ग्रुपचं नाव द्या, आणि काही मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा चालवून आउटपुट शेजारी शेजारी ठेवा. सगळे लॅगच्या कॉलमकडे बघतात, तुम्ही करंट ऑफसेट आणि कन्झ्युमर आयडी हे दोन बघा. लॉग एंड ऑफसेट (पार्टिशनचं टोक) वाढतोय, करंट ऑफसेट (ग्रुपने शेवटचा कमिट केलेला) तोच, आणि कन्झ्युमर आयडीची शेपटी मात्र दरवेळी वेगळी, म्हणजे माणसं आत-बाहेर करतायत. आयडी तोच राहून करंट ऑफसेट हळूहळू पुढे सरकतोय तर मग ती नुसती स्लो प्रोसेसिंग आहे, तिथे पार्टिशन शिल्लक असतील तर पॉड वाढवणं बरोबरच आहे. हा फरक आधी करायचा, मग काय ते बटण दाबायचं. कन्झ्युमरच्या लॉगमध्येही पोल टाइमआउट एक्सपायर झाल्याची आणि त्यामुळे ग्रुप सोडल्याची सरळ ओळ असते, फक्त बऱ्याच ठिकाणी काफ्का क्लायंटचे लॉग 'फार बडबड करतात' म्हणून बंद करून ठेवलेले असतात. आणि कमिट फेल्डला ट्राय-कॅचमध्ये गिळून टाकणारा कोड दिसला तर आधी तो काढा, खरंच.

इलाजांबद्दल. नेटवरून उचललेला पहिला इलाज असतो सेशन टाइमआउट वाढवा. शून्य उपयोग, ते पहिलं घड्याळ आहे, आपला त्रास दुसऱ्याचा. दुसरा इलाज मॅक्स पोल इंटर्व्हल अर्धा तास करून टाका. याने त्रास थांबल्यासारखा वाटतो, पण जावा क्लायंट हीच व्हॅल्यू रिबॅलन्सचा टाइमआउट म्हणूनही वापरतो, म्हणजे पुढच्या रिबॅलन्सला एखादा कन्झ्युमर अडकला असेल तर बाकीचे त्याची अर्धा तास वाट बघू शकतात. आणि खरोखर हँग झालेला कन्झ्युमरही अर्धा तास पार्टिशन दाबून बसतो. रोगापेक्षा औषध जालीम. थोडा वाढवायला हरकत नाही, पण आधी मॅक्स पोल रेकॉर्ड्स कमी करा, 500 चे 50. याने नेटवर्कच्या फेऱ्या वाढतील अशी भीती असते ती बिनबुडाची आहे, कारण ब्रोकरकडून डेटा आधीच मोठ्या गठ्ठ्याने येऊन क्लायंटकडे पडलेला असतो, पोल त्यातून फक्त कमी काढून देतो. त्याच्या जोडीला एपीआय कॉलला स्वतःचा टाइमआउट लावा. एकेक रेकॉर्डच मिनिटं-मिनिटं खाणारा असेल तर पार्टिशन पॉज करायचं, काम दुसऱ्या थ्रेडला द्यायचं, पोल मारत राहायचं (पॉज असल्यामुळे त्या पार्टिशनचे रेकॉर्ड येत नाहीत पण घड्याळ रीसेट होतं) आणि काम झालं की रिझ्यूम. फक्त तेव्हा ऑटो कमिट बंद पाहिजे, नाहीतर पोलच्या ओघात अर्धवट कामाचा ऑफसेट कमिट होईल आणि मध्येच पॉड मेला तर ते मेसेज गेले, परत कोणी वाचणार नाही.

डुप्लिकेट मात्र येणारच, कितीही नीट केलं तरी. मेसेजमध्ये युनिक आयडी ठेवा आणि राइट असा करा की दोनदा झाला तरी बिघडणार नाही.

इथे सीनियर मंडळींबद्दल माझं एक मत, पटलं तर घ्या. 'रिस्टार्ट मार, होईल' असं म्हणणारा सीनियर वाईट माणूस नसतो, पण त्याच्याकडून ग्रुप सांभाळायला शिकू नका. रिस्टार्टने थोडा वेळ सगळं शांत होतंही, आणि तुमच्या हातातला पुरावा जातो. जो आधी 'डिस्क्राइबचा आउटपुट दाखव' म्हणतो त्याच्या मागे लागा, तो कितीही खेकसला तरी. आणि दुसऱ्याच्या सिस्टिमचं कॉन्फिग जसंच्या तसं चिकटवणाऱ्या पोस्टींपासून लांब राहा, त्यांचा मेसेज एका मिलिसेकंदात होत असेल, तुमचा नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर. लॅपटॉपवरून टेस्ट करताना प्रॉडच्या (खऱ्या चालू सिस्टिमच्या) ब्रोकरला प्रॉडचाच ग्रुप आयडी लावून जोडलात तर तुमचा लॅपटॉप खरी पार्टिशनं घेऊन बसेल आणि ते मेसेज तुमच्या कन्सोलवर प्रिंट होऊन संपतील. ग्रुप रिकामा होऊन 7 दिवस झाले की त्याचे कमिट केलेले ऑफसेट डीफॉल्टने पुसले जातात (2.0 च्या आधी तर हे एकाच दिवसात व्हायचं), आणि ऑटो ऑफसेट रीसेटचा (ऑफसेट सापडला नाही तर कुठून वाचायचं ते सेटिंग) डीफॉल्ट लेटेस्ट आहे, म्हणजे लांब सुट्टीनंतर सर्व्हिस चालू केली की मधले सगळे मेसेज गुपचूप सोडून ती ताज्यापासून सुरू होते, एरर नाही, काही नाही. ऑफसेट हाताने रीसेट करायचे तर आधी ग्रुपचे सगळे कन्झ्युमर बंद करा, नाहीतर कमांड नकार देते, आणि एक्झिक्यूट लावायच्या आधी ड्राय रन (काहीही न बदलता काय बदलेल ते दाखवणारा आउटपुट) वाचा, प्रत्येक ओळ.

दर डिप्लॉयला रिबॅलन्सचा दणका बसत असेल तर कोऑपरेटिव्ह स्टिकी असाइनर (असाइनर म्हणजे पार्टिशन कोणाला ते ठरवणारा) बघा, 2.4 पासून आहे, त्यात सगळ्यांची सगळी पार्टिशनं काढून घेत नाहीत, हलवायची तेवढीच हलवतात. जुन्या असाइनरवरून त्यावर जाताना दोन रोलिंग रिस्टार्ट (एकेक कन्झ्युमर करत सगळे रिस्टार्ट) लागतात, एकात उरकायला जाऊ नका. 4.0 मध्ये नवा ग्रुप प्रोटोकॉल तयार झालाय, असाइनमेंट ब्रोकरकडे गेली आणि एकासाठी सगळ्यांनी थांबायची भानगड संपली, पण तो कन्झ्युमरच्या कॉन्फिगमध्ये स्वतःहून चालू करावा लागतो. आणि हो, दोन पोलमधल्या वेळेचं घड्याळ तिथेही आहेच.

हे सगळं वाचून घाबरायला झालं असेल तर एक संध्याकाळ काढा. तीन पार्टिशनचा टॉपिक, दोन कन्झ्युमर, मॅक्स पोल इंटर्व्हल 20 सेकंदांवर आणा आणि लूपमध्ये मुद्दाम 30 सेकंदांची झोप टाका. दुसऱ्या विंडोत डिस्क्राइब मारत राहा आणि कन्झ्युमर आयडीचा कॉलम बदलताना बघा. मग झोप तशीच ठेवून एकेक सेटिंग हलवा, आधी सेशन टाइमआउट, काय फरक पडतो बघा.