हॅलोविनचा भुताटकी खाऊ, पोरांच्या हातनं

३१ ऑक्टोबरला हॅलोविन, पोरांना भुतं पायजेतच, तर ओव्हन न पेटवता होणारं सांगते. मम्मीसाठी (आई न्हवं, पट्ट्या गुंडाळलेलं इजिप्तचं मढं) मारी बिस्किटं आणि व्हाईट कंपाउंड, म्हणजे पांढऱ्या चॉकलेटसारखी वडी, घ्या. कंपाउंड डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवायचं, हे काम मोठ्यांचंच, आणि त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर आळून गोळा होतंय मग कितीबी ढवळा काय उपयोग नाही. बटर पेपरचा मेंदीसारखा कोन करून त्यात कंपाउंड भरा, टोक बारीक कापा, बिस्किटावर आडव्यातिडव्या रेघा मारा, ओलं असतानाच चोको चिप्सचे डोळे चिकटवा. रेघा वाकड्या आल्या तर उत्तम, मम्मीच्या पट्ट्या काय सरळ असत्यात व्हय?

कोळी मात्र नाद खुळा! कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत बाजाराला जाताच तर खजूर आणा, बिया काढून मळा, सुपारीएवढे गोळे करा आणि दोन्ही बाजूंना चार-चार चकलीचे तुकडे खोचा, आठ पाय झाले. तिखट चकली असली तर लईच भारी लागतंय, कोल्हापुरात गोडातबी तिखट चालतंय की. पाय अगदी खायच्या वेळीच खोचा, लवकर खोचले तर मऊ पडतात. आणि बारक्यांच्या खाऊला अख्खे शेंगदाणे डोळे म्हणून लावू नका, घशात अडकतात.