गिटमधला बग-फिक्स रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. गिटच्या स्वतःच्या कोडमधला बग दुरुस्त करणारा पॅच (बदललेल्या ओळींचा संच) कित्येकदा दहा-पंधरा ओळींचाच असतो. एवढासा पॅच म्हणून वरवर चाळला जातो आणि तिथंच घात होतो.

पॅच लावला, टेस्ट हिरवी आली (पास झाली), की 'ठीक आहे' लिहून मोकळं होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दुरुस्ती काढून घेतल्यावर तीच टेस्ट लाल होते का, ते आधी बघा. पॅचच्या ब्रँचवरच राहून गिट रिस्टोअरने फक्त सी फाइल मागच्या कमिटवरची आणा, टेस्ट नवीच ठेवा. मेक चालवून कोड बिल्ड करा, मग 'टी' फोल्डरमध्ये जाऊन ती एकच स्क्रिप्ट व्ही, आय आणि एक्स हे पर्याय देऊन चालवा. आयमुळे स्क्रिप्ट पहिल्याच अपयशावर थांबते आणि ट्रॅश डिरेक्टरी (टेस्टने तात्पुरता बनवलेला फोल्डर) तशीच राहते. आत शिरून रेपॉझिटरीची अवस्था बघता येते. टेस्ट लाल झाली तरी बगमुळेच झाली का, की भलत्याच कारणाने, हे एक्सच्या ट्रेसमध्ये दिसतं.

टेस्टच फसवी असू शकते. कमांड फसायला हवी हे तपासताना तिच्या आधी नुसतं उद्गारचिन्ह लावलं, तर सेगफॉल्टही (मेमरीच्या चुकीमुळे होणारा क्रॅश) 'अपेक्षित अपयश' म्हणून पास होतो. तिथे टेस्ट_मस्ट_फेल हवं, ते क्रॅश वेगळा ओळखतं. तसंच गिट लॉगचं आउटपुट थेट पाइपने ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) दिलं की डावीकडच्या कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे ती जमली की फसली हे सांगणारा आकडा, हरवतो. आउटपुट आधी फाइलमध्ये घ्यायला सांगा.

दुसरी चूक म्हणजे रिपोर्टमध्ये आलेलं एकच उदाहरण तपासणं. डिसेंबर २०१४ मध्ये गिटच्या २.२.१ आवृत्तीत दुरुस्त झालेला बग आठवा: लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणाऱ्या फाइलसिस्टीमवर 'डॉट-गिट' (गिट स्वतःची माहिती ठेवतं तो फोल्डर) हे नाव कॅपिटल जी घालून ट्रीमध्ये, म्हणजे कमिटमधल्या फाइलींच्या रचनेत, टाकलं, की चेकआउट करताना खऱ्या डॉट-गिटमधली कॉन्फिग फाइलच बदलता यायची. फक्त लहान-मोठं अक्षर तपासून हे भागलं नसतं. मॅकची एचएफएस प्लस ही फाइलसिस्टीम काही अदृश्य युनिकोड अक्षरं नावात धरतच नाही, आणि विंडोजच्या एनटीएफएसवर 'गिट-टिल्ड-एक' हे छोटं नावही तिथेच पोचू शकतं. म्हणून त्याच दारात जायच्या बाकीच्या वाटा कोणत्या, हे पॅच लिहिणाऱ्याला विचाराच. ती दुरुस्ती १.८.५.६ पासूनच्या जुन्या मालिकांतही द्यावी लागली होती. असा पॅच ताज्या मास्टरवर बेतलेला असेल, तर बग असलेल्या सर्वांत जुन्या चालू शाखेवर बेतून मागा; तिथून वर मर्ज करणं सोपं.

फक्त डिफ (बदललेल्या ओळी) वाचणं ही तिसरी. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ मध्ये सेफ-डॉट-डिरेक्टरी हे, कोणत्या डिरेक्टरीवर भरवसा ठेवायचा ते सांगणारं सेटिंग आलं. कॉन्फिग वाचणाऱ्या कॉलबॅककडे (गिट प्रत्येक नोंदीसाठी बोलावतं त्या फंक्शनकडे) प्रत्येक सेटिंग येतं, पण नव्या फंक्शनने आलेलं नाव तपासलंच नव्हतं. भलत्याच सेटिंगची रिकामी व्हॅल्यू आली तरी आधी मिळालेली परवानगी पुसली जायची. पाठोपाठ २.३५.३ काढावं लागलं. असली चूक डिफमध्ये दिसत नाही, कारण जे लिहिलंच नाही ते दिसणार कसं? शेजारचे दोन-तीन कॉलबॅक उघडून पहिल्या ओळी ताडून बघा.

आणि 'जाता जाता हेही घट्ट केलं' असं म्हणत आलेला जादा कोड वेगळ्या पॅचमध्ये काढायला लावा. मे २०२४ च्या २.४५.१ मध्ये सुरक्षा-दुरुस्त्यांसोबत क्लोनभोवती जादा बंदोबस्त केला गेला, गिट एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीचं गिटचं जोड-साधन) वापरणाऱ्यांची कामं अडली, आणि २.४५.२ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

सुधारित पॅच आला की पुन्हा पहिल्यापासून वाचत बसू नका, आणि 'सांगितलेलं केलंय' यावर विसंबूही नका. गिट रेंज-डिफ ही दोन मालिकांतला फरक दाखवणारी कमांड पॅचच्या जुन्या आणि नव्या मालिकेवर चालवा. कमिट मेसेजमधले बदलही त्यात दिसतात. न सांगितलेला बदल आढळला, तर दुरुस्ती काढून टेस्ट लाल होते का, ते पुन्हा बघा.