येझदीचा धूर थांबेना? आधी ऑइल सील बघा
गर्दीत जुनी टू-स्ट्रोक येझदी मोटरसायकल पांढरा धूर ओकत असेल, तर लगेच पिस्टन-रिंगांवर खर्च करू नका. आधी गिअर ऑइलची पातळी बघा. बाहेर गळती नसताना ती घटत असेल, तर क्लच बाजूचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीची, तेल-हवा अडवणारी रबरी कडी) गेलंय: क्रँककेस (क्रँकशाफ्टचं घर) गिअरबॉक्सचं तेल ओढतोय आणि ते इंजिनात जळतंय. डायनामो बाजूचं सील गेलं की उलटं, हवा आत शिरते. थ्रॉटल सोडूनही इंजिनाचा वेग चढत राहतो, प्लग पांढरा पडतो. अशी गाडी मुळीच दामटू नका, पिस्टन जाम होतो. दोन्ही सील एकदमच बदला, त्यांच्या ओठांना (आतल्या कडांना) टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल लावून बसवा. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली तेल पुरे.