ऑटोकॅडची आवृत्ती बदलताय? या चुका टाळा

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या ऑफिसचे तिन्ही पीसी तळमजल्यावर होते. ड्रॉइंगची हार्डडिस्क साहेबांच्या घरी होती म्हणून कामं वाचली. चिखल उपसून झाला, नवी मशीनं आली, त्यांवर नवं ऑटोकॅड, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायचं आमचं सॉफ्टवेअर, आलं. पहिलं ड्रॉइंग उघडून प्रिंट दिली, तर भिंती, दरवाजे, मापं, प्लॉटची हद्द, सगळं मूळ रंगात आणि एकाच जाडीचं. रंगपंचमीच. ड्रॉइंग हार्डडिस्कवर होती. ती छापायची कशी, हे जिथे लिहून ठेवलेलं होतं तो सी ड्राइव्ह मात्र पुरात गेला होता.

मी आर-१४पासून, म्हणजे १९९७ साली आलेल्या आवृत्तीपासून, हेच सॉफ्टवेअर वापरतोय. नव्या आवृत्तीला माझा विरोध नाही. पण सॉफ्टवेअर बदलताना लोक ड्रॉइंगची काळजी घेतात आणि ऑफिसने वर्षानुवर्षं त्या सॉफ्टवेअरला जे शिकवलेलं असतं ते मागे सोडून येतात. बहुतेक रडारड तिथून सुरू होते.

चूक पहिली : फक्त ड्रॉइंगचा बॅकअप

कुठल्या रंगाची रेघ किती जाड आणि कोणत्या रंगात छापायची, हे सीटीबी फाईल ठरवते. ती ड्रॉइंगच्या आत नसते. ड्रॉइंगमध्ये तिचं फक्त नाव असतं. नव्या मशीनवर त्या नावाची फाईल नसली की प्रोग्राम आहे त्या रंगात सगळं छापून मोकळा होतो. मग घाईत कोणीतरी तयार असलेली ‘मोनोक्रोम’ लावतं आणि प्रकरण आणखी बिघडतं. मंजुरीच्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल दाखवायचं असतं, पाडकाम पिवळं. मोनोक्रोमने दोन्ही काळं. आमचा असा एक संच छापून, घडी घालून, पिशवीत भरेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

या फाइली सी ड्राइव्हवर, विंडोजच्या लपवलेल्या फोल्डरात, खोलवर असतात. शोधत बसू नका. जुन्या मशीनवर ‘स्टाइल्समॅनेजर’ ही कमांड द्या, सीटीबींचा फोल्डर थेट उघडतो. बाकीच्यांचा पत्ता ऑप्शन्समधल्या फाइल्स या टॅबमध्ये मिळतो. तिथून हे उचलायचं : सगळ्या सीटीबी, प्रिंटरच्या पीसी३ फाइली, शॉर्टकटची पीजीपी, लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारे आपले छोटे प्रोग्राम), आपण केलेले हॅच पॅटर्न (भिंत वगैरे भरायच्या नक्ष्या) आणि ऑटोकॅडचे स्वतःचे एसएचएक्स फाँट.

पीजीपीबद्दल एक सांगतो. जुनी फाईल नव्या फाइलीवर चिकटवू नका, नव्या आवृत्तीच्या कमांडचे शॉर्टकट त्यात नसतात. दोन्ही नोटपॅडमध्ये उघडा आणि आपल्या ओळी नव्या फाइलीच्या अगदी तळाशी टाका. एकाच अक्षराला दोन अर्थ असले तर शेवटचा चालतो.

हॅचचा घोळ उशिरा कळतो. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतीसाठी खास पॅटर्न होता, जांभ्याची भोकं भोकं दिसतील असा. तो करणारा माणूस केव्हाच मुंबईला गेला. जुनी ड्रॉइंग उघडली की चिरा व्यवस्थित दिसतो, कारण काढून झालेली नक्षी ड्रॉइंगसोबत राहते. त्यामुळे सगळं आलं असं वाटतं. दोन महिन्यांनी नवी भिंत भरायला गेलो तर यादीत चिरा नाही! दोन संध्याकाळी खर्चून मी नवा केला. आधीच्यासारखा नाही जमला.

मराठी मजकुराचंही असंच. ‘शिवाजी’सारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं ‘सार्वजनिक रस्ता’ हे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. फाँट नसला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. कोणी ‘मजकूर खराब झाला’ म्हणून पुन्हा टाइप करायला बसलं तर हात धरा. फाँट टाकून ऑटोकॅड बंद करून उघडलं की भागतं. नवं काम मात्र युनिकोडमध्येच करा.

“काका, ट्रिम बिघडलाय”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर वेगळं लिहितो.

ट्रिम म्हणजे रेघेचा नको तो तुकडा कापायची कमांड. जुन्या हाताची सवय अशी : टी, आर, एंटर, पुन्हा एंटर, मग नको त्या रेघेवर क्लिक. दुसऱ्या एंटरचा अर्थ ‘सगळ्याच रेघा कापायच्या कडा समज’ असा होता. २०२१च्या आवृत्तीपासून ट्रिम ते स्वतःच धरून चालतो. म्हणजे पहिल्या एंटरनंतर लगेच क्लिक करायचं. आपली बोटं सवयीने दुसरा एंटर देतात आणि कमांड संपते. मग क्लिक केलं की रेघ कापली जात नाही, नुसती सिलेक्ट होते. दिवसातून शंभरदा हे झालं की माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

याहून वाईट गोष्ट दुसरीच. जी रेघ कशालाच छेदत नाही, तिला जुना ट्रिम हात लावत नसे. नवा ती पुसून टाकतो. आमच्या पोराने एका घराच्या प्लॅनमध्ये पडवीच्या खांबांभोवती सफाई करताना पायरीची एक रेघ अशी उडवली. साइटवर गवंड्याने विचारलं, “पायऱ्या दोनच का ओ?” तेव्हा कळलं.

इलाज सोपा आहे. ‘ट्रिमएक्स्टेंडमोड’ टाइप करा आणि शून्य द्या, जुना ट्रिम परत. एक दिलं की नवा. ही किंमत ड्रॉइंगमध्ये नाही, त्या मशीनवर साठते, म्हणून प्रत्येक मशीनवर द्यावी लागते. ब्लॉक, म्हणजे एकदा काढून ठेवलेलं तयार चित्र, टाकताना बाजूला मोठं पॅलेट उघडतं त्याचा वैताग येत असेल तर ‘क्लासिकइन्सर्ट’ आहे. वरचे जुने मेनू हवेत तर ‘मेनूबार’ला एक द्या. फाईल उघडताना खिडकी न येता खालच्या ओळीत नाव विचारलं जात असेल तर ‘फाइलडिया’ एक करा. हे आवृत्तीचं नाही, बहुधा एखाद्या अर्धवट थांबलेल्या लिस्पचं काम असतं.

पण सगळंच जुनं करून ठेवू नका, हेही म्हाताऱ्याचंच मत. माझ्या मशीनवर ट्रिम जुना आहे, पोरांच्या मशीनवर नवा. ती लोकं त्यावर माझ्यापेक्षा वेगाने काम करतात, हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

समोरच्याला फाईल उघडत नाही

वर्ष बदललं म्हणजे फाईलचा प्रकार बदलतोच असं नाही. २०१३ ते २०१७ या आवृत्त्यांचा एक प्रकार, २०१८पासून २०२५पर्यंत दुसरा. म्हणून २०१९वाल्याला २०२५ची फाईल उघडते, २०१७वाल्याला २०१८ची उघडत नाही. आलेली फाईल कुठल्या प्रकारची हे बघायचं तर तिची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडा. कचऱ्यासारखा मजकूर दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचा : एसी१०३२ म्हणजे २०१८चा प्रकार, एसी१०२७ म्हणजे २०१३चा, एसी१०२४ म्हणजे २०१०चा, एसी१०२१ म्हणजे २००७चा.

आपल्याकडे मोजणीवाले, आरसीसीवाले, इलेक्ट्रिकवाले सगळे एका आवृत्तीवर कधीच नसतात. ऑप्शन्समध्ये ‘ओपन अँड सेव्ह’खाली नेहमीचा सेव्ह प्रकार ठरवता येतो. आम्ही तो २०१०वर ठेवलाय आणि फोन बंद झालेत. जुन्या फाइली ढिगाने बदलायच्या तर ‘डीडब्ल्यूजीकन्व्हर्ट’ आहे. फाईल पाठवताना नुसती न पाठवता ‘ई-ट्रान्समिट’ करा. एक्सरेफ (म्हणजे आपल्या ड्रॉइंगला जोडलेली दुसरी ड्रॉइंग), फाँट, सीटीबी सगळं एका पुडक्यात जातं.

एक्सरेफची जुनी खोड अशी की पूर्ण पत्ता साठवलेला असायचा, डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर. नव्या मशीनला डी ड्राइव्हच नसला की मोजणीचा नकाशा गायब. जुनं मशीन चालू आहे तोवरच पत्ते ‘रिलेटिव्ह’, म्हणजे ड्रॉइंगच्या फोल्डरापासून मोजलेले, करून घ्या.

लिस्प

थोडक्यात. २०१४पासून अनोळखी फोल्डरातली लिस्प चालवताना ऑटोकॅड इशारा देतं. तो कायमचा बंद करण्यापेक्षा आपला लिस्पचा फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये टाका. आणि लिस्प नव्या मशीनवर चालली म्हणून उत्तर बरोबर, असं धरू नका. एक ओळखीचा प्लॉट मोजून बघा. आमच्या लिस्पमध्ये गुंठ्याला १०१.१७ चौरस मीटर होते. कोणीतरी ‘दुरुस्त’ करताना १०० केले. सातबाऱ्यावर असतो तो आर, १०० चौरस मीटरचा, गुंठा वेगळा.

चुकीचा महिना

आता भाड्याचं, म्हणजे सबस्क्रिप्शनचं. त्यात मशीनला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर प्रोग्राम उघडत नाही. पुण्या-मुंबईत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले होते. म्हणून आम्ही मे महिन्याच्या शेवटी प्रत्येक मशीनवर एकदा साइन-इन करून घेतो, जसा कौलांवरून हात फिरवतो तसा. पाऊस सुरू झाल्यावरही दर पंधरवड्याला, नेट दिसलं की.

सबस्क्रिप्शनमध्ये आधीच्या तीन आवृत्त्याही उतरवून घेता येतात आणि एका मशीनवर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा सगळ्यात ताजी टाकायची सक्ती नाही. मी एक मागची घेतो. जुनी काढून टाकायची घाई करत नाही. निदान एक काम पहिल्या रेघेपासून प्रिंटपर्यंत नवीत करून झाल्याशिवाय तरी नाही.

मार्च एंडिंगला हे काम काढू नका. जूनमध्येही नको, दर अर्ध्या तासाने लाइट जाते आणि अर्धवट इन्स्टॉल झालेलं ऑटोकॅड उपटून काढणं हा वेगळाच उपद्व्याप आहे. गणपतीत पोरं गावाला असतात. आम्ही नवरात्र धरतो. पाऊस ओसरलेला असतो, साइट अजून पुरत्या चालू झालेल्या नसतात, आणि दसऱ्याला मशीनची पूजा करायची असतेच. यंदा ती करताना सीटीबीचा पेनड्राइव्हही पाटावर ठेवला होता. साहेब हसले, पण त्यांनी त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं.